नाकासमोरची ठिणगी

"तुमच्या पीएच.डी.चा विषय काय?" असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकते, "वेल्डिंग करताना बघितलंय का कधी?" आमच्या शहरात याला 'नाही' म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. वाळूजच्या कारखान्यांत कामाला जाणारं कुणीतरी प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी असतंच.

वेल्डिंगच्या टोकाशी निळा-पांढरा लोळ दिसतो ना, तो प्लाझ्मा. म्हणजे हवाच, पण इतकी तापलेली की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे झालेत आणि तिच्यातून वीज वाहायला लागलीय. असाच एक छोटा लोळ आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या विमानाच्या नाकासमोर पेटवला तर काय होईल, हा माझा विषय. साधं विमान येतं तेव्हा त्याची वर्दी आवाजाच्या वेगानं पुढं गेलेली असते, त्यामुळं हवा आधीच बाजूला सरकून वाट देते. विमान आवाजापेक्षा जोरात आलं की वर्दी पोचतच नाही. हवा बेसावध सापडते, नाकासमोर गर्दी करते आणि तिची एक पातळ, कडक भिंत तयार होते. ती शॉक वेव्ह. विमानाचं बरंचसं इंधन ती भिंत ढकलण्यात जातं आणि खाली जमिनीवर लोकांच्या खिडक्या हादरतात तेही तिच्यामुळंच. गरम हवेत मात्र आवाज जास्त वेगानं जातो. नाकासमोरची हवा ठिणगीनं तापवली तर तेवढ्या जागेत विमान आवाजाच्या मानानं हळू ठरतं, भिंत पुढं सरकते आणि मऊ पडते. कागदावर गोष्ट एवढीच आहे.

नाव नोंदवलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पंधरा वर्षं शिकवत होते. विषय ऐकून आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यानं खरोखर कळवळून सल्ला दिला, "मॅडम, कूलरच्या पॅडवर करा. दोन वर्षांत मोकळ्या व्हाल." आमच्या कॉलेजात कूलरच्या पॅडवर पीएच.डी. झालेले तीन जण होते. उन्हाळा बघता विषय वाईट नव्हता, पण मला तो करायचा नव्हता. सुपरसॉनिक प्रवाहाचं प्रकरण मी पंधरा वेळा फळ्यावर शिकवलं होतं आणि एकदाही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आता बघायचं, असं मी ठरवलं होतं.

माझ्या मार्गदर्शक सरांच्या निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली होती. कमी बोलायचे. त्यांनी एकच विचारलं, "मॉडेलवर हवा सोडायचा बोगदा कुठून आणणार?"

"बांधणार," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

कॉलेजच्या वर्कशॉपमागं हवेची एक मोठी जुनी टाकी पडून होती. ती पाणी भरून दाबावर तपासून घेतली. कॉम्प्रेसर होता. टाकी भरायला पाऊण तास लागायचा आणि व्हॉल्व्ह उघडला की सहा-सात सेकंदांत रिकामी. तेवढ्या सेकंदांत जे बघायचं ते बघायचं. अडलं ते नॉझलपाशी. हवेला आवाजाच्या दुप्पट वेग द्यायचा तर आधी तिला चिंचोळ्या वाटेतून काढून मग ठरावीक वळणानं रुंद होऊ द्यावं लागतं. ते वळण जरा जरी चुकलं तरी बोगद्यातच नको तिथं शॉक उठतात. मी ड्रॉइंग घेऊन वाळूजला पाच-सहा ठिकाणी फिरले. सगळीकडं एकच उत्तर. "किती नग?" "दोन ठोकळे, एक जोडी." "एका जोडीसाठी मशीन लावायचं मॅडम? हजाराची ऑर्डर आणा."

शेवटी एकानं रस्त्यापलीकडची पत्र्याची शेड दाखवली. "तिथं मामा हायेत. ते करतील, त्यांना अशी खोडी लई."

मामा म्हणजे साठी ओलांडलेला, सडपातळ माणूस. तीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेली. निवृत्तीनंतर एक लेथ, एक मिलिंग आणि एक जुनं ईडीएम टाकून बसलेले. ईडीएम म्हणजे तेलात बुडवलेल्या पोलादावर ठिणग्या मारून मारून त्याला हवा तो आकार देणारं यंत्र. दर पौर्णिमेला विहारात जायचे, त्या दिवशी शेड बंद. बाकी साडेतीनशे दिवस सकाळी आठला शटर वर.

त्यांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले.

"आतून काय जाणार? तेल?"

"हवा."

"हवा व्हय!" ते हसले. "मग इतकं बारीक माप कशाला? हवा तर कुठूनबी जाती."

मी समजावून सांगितलं. आवाजाच्या वेगापर्यंत हवा कुठूनही जाते, त्यापुढं तिला मानवेल अशीच वाट लागते. वाटेत केसाएवढा उंचवटा आला तरी तिथून एक शॉक निघतो.

"म्हणजे हवेला बी खडा टोचतो," मामा म्हणाले. "मग पॉलिश हातानं करावं लागंल. तीन आठवडे लागतील. मधी फोन करू नका."

मी फोन केला नाही. तीन आठवड्यांनी त्यांनी जे ठोकळे दिले त्यांच्यावरून बोट फिरवलं तर कुठं वळण सुरू होतं तेच कळत नव्हतं.

पहिली चाचणी ऐन पावसाळ्यात घेतली आणि बोगद्यात फक्त धुकं दिसलं. हवा नॉझलमधून पसरताना इतकी थंड होते की तिच्यातला ओलावा गोठतो. सर म्हणाले, "थांबा. मराठवाड्यात राहता, कोरड्या हवेची काय कमतरता?" मी टाकीच्या आधी ओलावा शोषणारे दाणे भरलेला डबा बसवला आणि शिवाय उन्हाळ्याची वाट बघितली. एप्रिलमध्ये आमच्याकडं ओठ फुटतात, टाचा फुटतात, वर्तमानपत्राची घडी मोडली की कागद तडकतो. माझ्या बोगद्याला तीच हवा मानवली.

हवा बघायला दोन अंतर्गोल आरसे, एक बारीक दिवा आणि एक दाढीचं ब्लेड लागतं. दुपारी डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते, त्याचाच हा नीट बांधलेला प्रकार. हवा जिथं दाट तिथं प्रकाश वाकतो, वाकलेला प्रकाश ब्लेडवर अडतो आणि कॅमेऱ्यात तिथं काळी रेघ उमटते. त्यासाठी खोलीत अंधार हवा म्हणून मी शहागंजच्या बाजारात काळं कापड घ्यायला गेले. दुकानदारानं थान उलगडता उलगडता, थोरल्या बहिणीला विचारावं तसं विचारलं, "फोटो स्टुडिओ डाले क्या बाजी?"

"नहीं, हवा देखनी है."

"हवा होना तो पंखा लेओ ना, कपडा कायको?" असं म्हणून त्यानं कापड फाडलं आणि वर हातभर जास्त दिलं.

त्या कापडाआड, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत मी पहिली शॉक वेव्ह बघितली. जेवणाच्या सुट्टीत अशासाठी की बोगद्याच्या आवाजानं शेजारचा वर्ग बंद पडायचा. अंगठ्याएवढं, मामांनीच करून दिलेलं गोल नाकाचं पोलादी मॉडेल आणि त्याच्यापुढं धनुष्यासारखी वाकलेली एक काळी, स्थिर रेघ. पंधरा वर्षं मी ही रेघ खडूनं काढली होती. खडूनं काढताना मी ती नाकाला फार चिकटवत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता ठिणगी. मॉडेलच्या नाकातून पुढं एक टंगस्टनची बारीक सळई काढली. टीआयजी वेल्डिंगला वापरतात तीच. तिच्यावर थोड्या अंतरापर्यंत चिनी मातीची नळी, म्हणजे वीज भलतीकडं जाऊ नये. सळईच्या टोकापासून मागं नाकापर्यंत ठिणगी उडायची. मॉडेलच्या मागं हवेचा समोरचा आणि बाजूचा रेटा मोजायला एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा बसवला होता. व्हॉल्व्ह उघडला, ठिणग्या पडल्या, फोटो निघाले. फोटोत ते जाडजूड धनुष्य नव्हतंच. त्याच्या जागी सळईच्या टोकापासून मागं उतरणारा एक सडपातळ शंकू होता. रेटा तर इतका उतरला होता की मी काटा बिघडला असं समजून तो दोनदा तपासला.

काटा ठीक होता. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "अरे वा." त्यांच्या तोंडून मी हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. प्राचार्यांनी विभागात पेढे वाटले. नवऱ्यानं सेकंड शिफ्टला जायच्या आधी येऊन फोटो बघितला आणि तो आपल्या मोबाइलवर घेऊन कारखान्यात लाइनवरच्या सगळ्यांना दाखवला. स्थानिक वर्तमानपत्रात चौथ्या पानावर बातमी आली, माझ्या फोटोसकट. पुण्याच्या एका परिषदेत मी हे निष्कर्ष मांडले. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटत होतं.

मामांसाठी पेढे घेऊन गेले तर ते म्हणाले, "पेढा खातो, पण मला बघायचंय ते. मी आयुष्यभर पार्ट पाडायच्या डाय बनवल्या. कुठं कुठं गेल्या, परदेशी गेल्या. त्यातून काय निघालं ते मी कधी बघितलं नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कॉलेजात आले. मी त्यांना आधीचे फोटो दाखवले. हा बिनसळईचा, बिनठिणगीचा. हा सळई आणि ठिणगीचा. मग टाकी भरली, कानाला लावायला त्यांना कानबंद दिले आणि ठिणग्यांसकट एक चाचणी करून दाखवली. पडद्यावर तो शंकू उमटला. मामांनी कानबंद काढले. ते पडद्याकडं न बघता मॉडेलकडं बघत होते.

"ताई, सळई हाय पण ठिणगी बंद, असं करून बघितलंय का?"

"म्हणजे?"

"आधीच्या फोटोत सळई नव्हती. आताच्या फोटोत सळई बी हाय आणि ठिणगी बी हाय. आमच्या टूलरूमचा एक कायदा होता. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. तुमी दोन बदलल्या."

उत्तर मला तिथंच उभ्या उभ्या माहीत होतं. जाड नाकापुढं बारीक सुई काढली की तीच पुढं जाऊन हवा दुभंगते आणि रेटा उतरतो, ही जुनी, पुस्तकात असलेली गोष्ट आहे. मी स्वतः ती शिकवली होती. बिनसळईचे फोटो उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढले होते, मग सळई बसवली आणि कामाच्या नादात सळई हा ठिणगीचाच भाग झाला. ती वेगळी वस्तू आहे हे माझ्या डोक्यातून गेलं.

"आत्ताच बघू," मी म्हणाले.

टाकी पुन्हा भरायला पाऊण तास. तो पाऊण तास आम्ही दोघं कॉम्प्रेसरशेजारी बसून होतो. मामांनी चहाचंही नको म्हटलं. मग ठिणगीची तार काढून बाजूला ठेवली, सळई तशीच राहू दिली आणि व्हॉल्व्ह उघडला.

तोच शंकू. तोच उतरलेला रेटा. दोन फोटो एकमेकांवर ठेवले तर फरक दाखवायला मला पेन्सिलीचं टोक लावावं लागलं असतं.

मामा ओशाळल्यासारखे उभे होते. "मी उगं बोललो का?"

"नाही मामा. तुम्ही बोललात ते बरं झालं," मी म्हणाले.

घरी जाताना क्रांती चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी उभीच राहिले आणि मागच्या रिक्षावाल्यानं ठेवणीतली शिवी दिली. तिचा उपयोग झाला. घरी पोचेपर्यंत काय काय करायचं याची जुळणी मनात झाली होती.

सरांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते फोनवर म्हणाले, "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं. परिषदेला कळवा, शोधनिबंध मागं घ्या."

परिषदेला पत्र पाठवलं. प्राचार्यांकडं गेले तर ते खुर्चीत मागं रेलले. "मॅडम, बातमी छापून आलीय. आता हे कशाला? पुढच्या पेपरात दुरुस्त करून टाका हळूच."

"सर, मी विभागाच्या बैठकीत सांगणार आहे. तुमच्या कानावर आधी घातलं, एवढंच."

सोमवारी बैठकीत सगळं सांगितलं, फळ्यावर दोन्ही आकृत्या काढून. कूलरचा सल्ला देणाऱ्यानं नंतर व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, कुणाला कळणार होतं?"

"वाळूजच्या एका टर्नरला पाच मिनिटांत कळलं," मी म्हणाले. "परीक्षकाला दहा मिनिटं लागली असती."

हे बोलताना मला मनातून हलकं वाटलं. इतकी मोठी चूक करून, सगळ्यांसमोर कबूल करून मी तिथंच उभी होते, बोगदा जागेवर होता, नॉझल उत्तम होतं, आरसे जुळलेले होते. बिघडलं होतं ते एकच मॉडेल. ते नवीन करता येणार होतं.

नव्या मॉडेलमध्ये पुढं काहीच काढायचं नाही असं ठरवलं. नाक गुळगुळीत गोल. नाकाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा एक इलेक्ट्रोड, भोवती चिनी मातीसारख्या सिरॅमिकचं कडं, त्याच्या बाहेर पोलाद. सगळं एका पातळीत. मध्यापासून बाहेरच्या पोलादापर्यंत ठिणगी उडेल आणि हवेला खडा टोचणार नाही.

मामांनी सिरॅमिकचा तुकडा नखानं वाजवून बघितला. "हे पोलाद नाय. पोलाद चुकलं तर सांगतं, थोडं वाकतं. हे कपासारखं टचकन जाणार."

आणि गेलंच. पहिला नग छिद्र पाडताना गेला. दुसरा पोलादात बसवताना. तिसरा नीट बसला आणि पहिल्या ठिणगीला तडकला. मी शनिवारी दुपारी शेडवर जाऊन बसायला लागले. हातानं घासायचं काम मामांनी मला शिकवलं. काचेवर पाणी आणि बारीक पावडर टाकायची, नग त्यावर आठच्या आकड्यात फिरवायचा, जोर द्यायचा नाही. "जोर देऊ नका ताई, पावडरीला काम करू द्या." घासता घासता गप्पा व्हायच्या. पैठण तालुक्यातल्या गावातून ते अठराव्या वर्षी इथं आले, तेव्हा वाळूजला अर्ध्या प्लॉटांवर बाभळी होत्या. कारखान्यात पहिली दोन वर्षं त्यांना ड्रॉइंगला हात लावू दिला नव्हता, फक्त झाडू. ड्रॉइंग वाचायला ते दुसऱ्यांच्या टेबलावरून, उलट्या बाजूनं शिकले. "अजूनबी उलटं ड्रॉइंग मला लवकर समजतं," असं म्हणून त्यांनी माझ्या ड्रॉइंगची वरची बाजू स्वतःकडं फिरवून दाखवली.

एकदा त्यांनी विचारलं, "ठिणगीनं हवा तापती म्हणून भिंत सरकती म्हणता. मग वीज कशाला? नुसतं तापवलं तरी तेच होईल की."

"बहुतेक तेच होईल," मी म्हणाले. "प्लाझ्माची वेगळी काही जादू आहे असं म्हणणारे लोक होते. मला वाटतं उष्णताच आहे. ठिणगीचा फायदा इतकाच की ती क्षणात पेटते आणि पाहिजे तिथंच पेटते."

"वाटतं म्हणजे? मोजा की."

घरी येऊन मी मोजायला बसले. ठिणगीत किती ऊर्जा गेली ते मोजलं आणि तेवढीच उष्णता नुसती हवेला दिली तर भिंत किती हलायला पाहिजे ते गणितानं काढलं. पुढं ठिणगीचे फोटो आले ते या गणिताशी जुळले. प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्यावर आहे.

पाचवा नग टिकला. तोवर दुसरी भानगड निस्तरायची होती. प्रत्येक ठिणगीबरोबर सुटणाऱ्या विद्युत लहरींनी लॅपटॉप बंद पडायचा आणि काट्याचे आकडे वेडेवाकडे उड्या मारायचे. काट्याचं सर्किट मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केलं, तारांना स्वयंपाकघरातला फॉइल गुंडाळला, लॅपटॉप बॅटरीवर चालवला. कॉलेजात येणारे पाहुणे तो डबा बघून हसायचे, पण आकडे सरळ आले. फोटोसाठी महागडा कॅमेरा नव्हता, म्हणून ठिणगीनंतर ठरावीक वेळानं क्षणभर चमकणारा एक एलईडी लावला. वेळ थोडी थोडी पुढं सरकवत गेलं की ठिणगीनंतर काय काय होतं ते एकेक पायरीनं दिसतं.

या खेपेला प्रत्येक चाचणीत आधी ठिणगी बंद, मग चालू, मग पुन्हा बंद. मॉडेल तेच, हवा तीच, माप तेच. पहिल्या दिवशी मी मामांना बोलावलं. बिनठिणगीच्या फोटोत धनुष्य जसंच्या तसं होतं, आणि ते बघून मला आधी बरं वाटलं. मग ठिणगीनंतरचा फोटो आला. धनुष्याच्या मधोमध एक फुगवटा पुढं आला होता, मुलानं च्युइंगगम फुगवावा तसा, आणि त्या जागी रेघ फिकी पडली होती. पुढच्या फोटोत फुगवटा मोठा, त्यापुढच्यात ओसरलेला, मग धनुष्य पूर्ववत.

"सरकली," मामा म्हणाले. ते पडद्याच्या इतक्या जवळ गेले की त्यांच्या चष्म्यात ती रेघ दिसत होती. मग मागं वळून त्यांनी मला विचारलं, "मधी फक्त ठिणगीच बदलली ना?"

"फक्त ठिणगी."

"मग मानलं."

सरांनी सगळे फोटो आणि तक्ते आठवडाभर स्वतःकडं ठेवले. परत देताना म्हणाले, "हे कुणीही, कुठंही करून बघितलं तरी असंच येईल. आता लिहायला घ्या."

लिहिताना मी काही लपवलं नाही. पहिल्या मॉडेलची चूक एका परिशिष्टात फोटोंसकट घातली. परिणाम लहान आहे, क्षणभराचा आहे, आणि ठिणगीला लागणारी ऊर्जा वाचणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त आहे, हेही लिहिलं. सर म्हणाले होते, परिशिष्ट नसलं तरी चालेल. मी म्हणाले, राहू द्या.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, कडक. त्यांनी प्रबंधाला पिवळ्या चिठ्ठ्या लावून लावून त्याचा पिसारा करून आणला होता. पहिला प्रश्न सरळ अंगावर आला.

"हे विमानावर बसवता येईल का?"

"आज नाही," मी म्हणाले. "इंधन वाचवायला तर नाहीच. जितकं वाचेल त्याहून जास्त खर्च होईल."

"मग कशासाठी?"

मी त्यांना पान उघडायला सांगितलं. पाचव्या नगाच्या आधी एक नग असा होता की त्याचं छिद्र मध्यापासून जरासं बाजूला गेलं होतं. मामांनी तो बाद म्हणून डब्यात टाकला होता. टिकलेला नग काम करायला लागल्यावर मी तो बाद नगही एकदा बोगद्यात लावून बघितला होता, निव्वळ उत्सुकतेपोटी. त्याचा फुगवटा एका बाजूला आला आणि काट्यानं रेटा कमी दाखवण्याऐवजी मॉडेल एका अंगाला ढकललं गेल्याचं दाखवलं. ठिणगी थांबली की ढकलणंही थांबलं.

"म्हणजे ठिणगीनं नाक वळवता येतं," मी म्हणाले. "कुठलाही भाग न हलवता, पापणी लवायच्या आत. इंधन वाचवायला नाही, पण स्टिअरिंग म्हणून याचा विचार होऊ शकतो. माझ्याकडं एकाच नगाचे आकडे आहेत, म्हणून मी याला निष्कर्ष म्हटलेलं नाही."

त्यांनी ते पान बराच वेळ वाचलं. उरलेला सगळा वेळ त्या याच पानावर प्रश्न विचारत राहिल्या आणि मला जी उत्तरं येत नव्हती तिथं मी येत नाही म्हणाले. परिशिष्टाबद्दल त्यांनी शेवटी एकच वाक्य विचारलं, "ही चूक कुणी पकडली?"

"ज्यांनी मॉडेल बनवलं त्यांनी," मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.

पदवी मिळाली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. प्राचार्यांनी पुन्हा पेढे वाटले आणि या खेपेला मी दोन खाल्ले.

आता मी नाकात एकाऐवजी चार इलेक्ट्रोड बसवायचं काम करते आहे, चार बाजूंना चार, म्हणजे नाक हव्या त्या बाजूला वळवता येईल. विभागानं बोगद्याला स्वतंत्र खोली दिली आहे, त्यामुळं जेवणाच्या सुट्टीची वाट बघावी लागत नाही. दोन विद्यार्थिनी माझ्याकडं नाव नोंदवायला आल्या, तेव्हा त्यांना मी आधी परिशिष्ट वाचायला दिलं. एकीनं वाचून विचारलं, "मॅडम, हे तुम्ही स्वतःहून छापलंत?" मी हो म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी अर्ज भरून घेऊन आली.

चार इलेक्ट्रोडचं ड्रॉइंग मी गेल्या आठवड्यात शेडवर नेलं. मामांनी ते उलटं फिरवलं, चार नटांखाली दाबलं आणि सिरॅमिकच्या कड्यातल्या चार छिद्रांवर चार वेळा बोट ठेवलं.

"पाच-सात नग जातील," ते म्हणाले.

"जाऊ द्या."

"मग शनिवारी लवकर या. घासायला तुमालाच बसवणार हाय."